रिकाम्या घरातली ओ

१

कुसुमआजींच्या तेवीसच्या तेवीस गोष्टी नाहीशा झाल्याचं शनिवारी सकाळी पावणेअकराला उघडकीस आलं.

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या मराठी शाळेत तेव्हा आठ मुलं आठ जुन्या लॅपटॉपसमोर बसली होती. गणपती एका आठवड्यावर आले होते आणि उत्सवात आजींची कोणती गोष्ट लावायची, हे मुलांनीच ठरवायचं होतं. शाळा चालवणाऱ्या ऊर्मिलाने आपल्या लॅपटॉपवर ‘शाळेची पेटी’ या चित्रावर बोट ठेवलं. पेटी म्हणजे कपाटात ठेवलेलं, पोळ्यांच्या डब्याएवढं साठवणीचं मशीन. शाळेतल्या सगळ्या रेकॉर्डिंगची जागा तीच.

पेटी उघडली आणि आत काहीच नव्हतं.

ऊर्मिलाने बंद करून पुन्हा उघडलं. मुलांनीही आपापल्या लॅपटॉपवर पाहिलं. आठही ठिकाणी तोच पांढरा, कोरा चौकोन.

मागच्या बाकावर बसलेल्या वासुदेवआजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून, निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले होते. दर शनिवारी ते मुलांना यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात ते शिकवत. पण आत्ता त्यांचं लक्ष यंत्राकडे नव्हतं. ते ऊर्मिलाचा चेहरा पाहत होते.

कुसुमआजी तिची आई. कराडला राहणारी. गेला सगळा हिवाळा, दर रविवारी, आजींनी फोनवरून एकेक गोष्ट सांगितली होती. जूनमध्ये त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या पाटीवर लिहून बोलत. त्यांचा आवाज जगात या एका पेटीतच उरला होता. दुसरी प्रत काढायची आज-उद्या करत राहूनच गेली होती.

“स्पृहा,” ऊर्मिला म्हणाली. आवाज शांत होता, पण तसा शांत आवाज मुलांना बरोबर कळतो. “गेल्या शनिवारी लॅपटॉपचे नंबर तू बदलत होतीस ना? सगळे गेल्यावरसुद्धा?”

बारा वर्षांची स्पृहा उभी राहिली. “इष वार्स निष्ट,” ती म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, “मी नाही केलं.”

तेवढ्यात दारातून मयुरेश आत डोकावला. पुण्याचा तरुण इंजिनिअर. गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करायचा आणि उत्सवाच्या आवाजाची, पडद्याची सगळी जबाबदारी त्याच्याकडे असायची. बाजूच्या हॉलमध्ये त्याची जुळवाजुळव चालली होती. त्याने पडद्याकडे पाहून मान हलवली.

“गेली वाटतं डिस्क. ऊर्मिलाताई, त्रास करून घेऊ नका. आल्झो, तर मग हॉलचं काम उरकून तासाभरात येतो. पेटी माझ्या लॅपटॉपला लावतो, पूर्ण फॉरमॅट करतो. निदान उत्सवाला तरी उपयोगी पडेल.”

“फॉरमॅट म्हणजे?” आजोबांनी माहीत असून विचारलं.

“म्हणजे पुसून कोरी, काका. परत काही सापडायचा प्रश्नच नाही.”

आजोबा उठले. “मला तेवढा तास दे मग. तोपर्यंत पेटीला हात लावायचा नाही.”

२

स्पृहा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती. आजोबा गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसले आणि पिशवीतून बाकरवडीची पुडी काढली.

“ऊर्मिलामावशीला वाटतं मीच केलं,” ती जर्मनमध्ये म्हणाली. आजोबांना जर्मन थोडीच यायची, पण एवढं कळलं. “मी पुढच्या शनिवारपासून येणार नाही. आईला सांगितलंय.”

“पुढच्या शनिवारचं पुढच्या शनिवारी. आधी मला सांग, गेल्या वेळी तू काय काय केलंस? मी तुझी परीक्षा घेतोय असं समज.”

परीक्षा म्हटल्यावर स्पृहा थोडी सरळ बसली. “आपली एक गल्ली आहे. गल्लीचं नाव एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एकशे अठ्ठ्याहत्तर. ते सगळ्यांचं सारखं. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. तो प्रत्येकाचा वेगळा.”

“वेगळाच का?”

“नाहीतर पोस्टमन कोणाकडे जाणार?”

“शाब्बास. आणि नंबर कोण देतं?”

“राउटर पाहुण्यांना देतो, दीडशेच्या पुढचे. दीडशेच्या आतले आपण हाताने देतो, म्हणजे ते बदलत नाहीत. मी लॅपटॉपना अकरा ते अठरा दिले. प्रिंटरला तीस. पेटीला मी हातच लावला नाही! तिचा नंबर ऊर्मिलामावशीने दिलाय, शाळा सुरू झाली तेव्हाच. मी तो फक्त वहीत लिहिला. मग वही कपाटात ठेवायला गेले, तर तुम्ही घेतलीत.”

“मी?”

“तुम्ही म्हणालात, तपासून आणतो.”

आजोबांनी पिशवीत हात घातला. निळ्या पुठ्ठ्याची वही खरंच तिथे होती. प्रत्येक नंबरापुढे त्यांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली होती आणि शेवटी ‘अक्षर सुधारणे’ असा शेराही मारला होता. वही पाहून त्यांना थोडं समाधान वाटलं आणि कसलीशी बोचणीही. बोचणी कशाची, ते मात्र उमगेना.

इतक्यात आठ वर्षांची शमिका जिन्यात आली. पुडीवर डोळा ठेवून म्हणाली, “आजोबा, मला दिसली होती आजी.”

“कुठे गं?”

“माझ्या लॅपटॉपमध्ये. मी सगळ्यांत आधी आले ना आज. कुसुमआजी असं लिहिलेलं फोल्डर होतं. मग तो दादा पलीकडे ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ करायला लागला आणि आजी गेली. मी सांगितलं, पण कोणी ऐकलंच नाही.”

आजोबांनी अख्खी पुडी तिच्या हातात दिली.

आज सकाळपर्यंत आजी पेटीत होत्या. मग गेल्या शनिवारी त्या स्पृहाच्या हातून पुसल्या कशा जातील?

३

“मला वाटतं हेर ब्रांटनी केलंय,” स्पृहा कुजबुजली. “त्यांना आपला आवाज आवडत नाही.”

‘हेर’ म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. ब्रांट त्या इमारतीचे हाउसमाइस्टर, देखभाल करणारे. किल्ल्या, दिवे, हीटिंग, सगळं त्यांच्या ताब्यात. तळघरातल्या खोलीत ते मोठ्या मगमधून कॉफी पीत बसले होते. आजोबांची जर्मन बेताची आणि ब्रांटना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून दुभाषी झाली स्पृहा. जिच्यावर आळ तिनेच साक्षी तपासायचे, असली तऱ्हा आजोबांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

“तुम्ही आमच्या कपाटाला हात लावलात का, विचार.”

ब्रांट बराच वेळ बोलले. स्पृहाने ओठ दाबून हसू आवरलं. “ते म्हणतात, कपाटाला नाही. पण तुम्ही लोक जाताना वर्गातल्या प्लगांच्या पट्टीचं बटण कधीच बंद करत नाही. रोज चारला ते स्वतः बंद करतात, सकाळी स्वतः चालू करतात. विजेची नासाडी त्यांना बघवत नाही.”

“काल शुक्रवारीसुद्धा?”

“गेनाऊ,” ब्रांट म्हणाले. त्याचा अर्थ ‘अगदी बरोबर’, हे आजोबांना स्पृहाला विचारावं लागलं नाही.

“आपल्या गल्लीत यांचं काही मशीन आहे का?”

“हीटिंगचं आहे, दहा नंबर. दाराचा कॅमेरा वीस. पुढचं बसवतील ते तीस.”

“तीस तर आपला प्रिंटर आहे.”

“सांगितलं मी. ते म्हणतात, मग चाळीस. पण वहीत लिहा.”

आजोबांना हा माणूस आवडायला लागला होता. ते निघाले, तसा ब्रांटना एकदम काही आठवलं. त्यांनी मग टेबलावर आपटला आणि बोट नाचवत बोलू लागले.

“आणखी एक तक्रार आहे त्यांची,” स्पृहा म्हणाली. “काल संध्याकाळी सहाला ती निळी गाडी पुन्हा फाटकासमोर लावली होती. तुमच्या त्या तरुणाची, एकशे आठवाली. तिसऱ्यांदा झालं म्हणतात.”

“सांगतो म्हणावं त्याला.”

जिना चढता चढता आजोबांनी घड्याळ पाहिलं. तासातली वीस मिनिटं उरली होती. वर हॉलमधलं ‘हॅलो हॅलो’ थांबलं होतं. मयुरेशचं काम बहुधा उरकत आलं होतं.

४

ऊर्मिला वर्गात एकटीच होती. मुलांना तिने अंगणात खेळायला पाठवलं होतं.

“काका, मी त्या पोरीला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं,” ती स्वतःहूनच म्हणाली. “पण आज सकाळीच आईने पाटीचा फोटो पाठवला. ‘मुलांना कोणती गोष्ट आवडली?’ आता मी तिला काय कळवू?”

आजोबा तिच्यासमोरच्या बाकावर बसले. मग म्हणाले, “पेटीला नंबर तू दिलास ना? कोणता?”

“एकशे आठ.”

“एकशे आठच का?”

ती कसनुसं हसली. “आईची जपमाळ. रोज सकाळी एक माळ झाल्याशिवाय ती चहा घेत नाही. तिच्या गोष्टी ठेवायच्या, तर म्हटलं घरही तिच्या नंबराचं असू दे. वेडेपणाच म्हणा.”

“वेडेपणा कसला? घराला नाव देतोच की आपण.” बोलता बोलता आजोबा थबकले. एकशे आठ. हा आकडा आज ते दुसऱ्यांदा ऐकत होते.

ते कपाटाजवळ गेले. पेटीचा हिरवा दिवा मिणमिणत होता, मागून नेटवर्कची पिवळी वायर गेली होती. “स्पृहा, लॅपटॉप घे. पेटीच्या दारावर टकटक कर.”

मुलांना टकटक माहीत होती. एक छोटी आज्ञा टाइप करून नंबर दिला, की त्या घरात कोणी असल्यास उत्तर येतं. स्पृहाने एकशे आठवर टकटक केली. पडद्यावर भराभर ओळी उमटू लागल्या. घरातून ओ येत होती.

“आता बघा,” आजोबा म्हणाले. त्यांनी पेटीची पिवळी वायर उपसून हातात घेतली. “घरातलं माणूस मी बाहेर काढलंय. कर पुन्हा टकटक.”

स्पृहाने बटण दाबलं. तिघंही पडद्यावर वाकली.

ओ आली. पुन्हा आली. एकापाठोपाठ एक, न चुकता.

ऊर्मिलाने आजोबांच्या हातातल्या वायरीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “काका, पेटी तर तोडलीय. मग हे बोलतंय कोण?”

५

“टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं,” आजोबा वायर तशीच धरून म्हणाले. “एकाच नंबरावर चुकून दोन घरं जोडली जायची. तुम्ही फोन लावायचा मामांना आणि उचलायचं भलतंच कुणीतरी. तुम्ही म्हणणार, मामा घर सोडून गेले की काय! मामा आपल्या घरी जागच्या जागी असायचे. स्पृहा, आता तू सांग.”

स्पृहाचे डोळे मोठे झाले. “आपल्या गल्लीत एकशे आठ नंबरची दोन घरं आहेत!”

“आणि आपण सकाळपासून कोणत्या घरात डोकावतोय?”

“दुसऱ्या! म्हणून ते रिकामं!”



“शमिका आली तेव्हा फक्त आपली पेटी चालू होती,” आजोबा पुढे म्हणाले. “तिला आजी दिसल्या. मग पलीकडे दुसरं घर जागं झालं. नवं मशीन चालू झालं की साऱ्या गल्लीला ओरडून सांगतं, एकशे आठ म्हणजे मी. लॅपटॉप बिचारे भोळे. जो शेवटी ओरडेल त्याचं खरं धरतात. माइक टेस्टिंग सुरू झालं त्याच सुमारास हे झालं. आता प्रश्न एवढाच, की दुसरं घर बांधलं कोणी?”

“हेर ब्रांटनी नाही,” स्पृहा लगेच म्हणाली. “त्यांचे दहा, वीस, असे असतात.”

“बरोबर. दीडशे घरं जवळपास मोकळी. कोणीही सहज आकडा घ्यायचा तर पन्नास घेईल, शंभर घेईल, स्वतःची जन्मतारीख घेईल. नेमकं एकशे आठ कोण घेईल? ज्याच्या मनात तो आकडा शुभ आहे तोच. म्हणजे माणूस आपल्यातला. इतका आपल्यातला, की इथे जर्मनीत पैसे भरून गाडीचा आवडता नंबर मिळतो, तिथेही त्याने...”

दारात मयुरेश उभा होता. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. “चला, झाला तास. द्या ती पेटी.”

“मयुरेश, तुझ्या गाडीचा नंबर काय रे?”

“एचजी एमपी एकशे आठ. का, काका? ब्रांट पुन्हा ओरडला का?”

“ओरडला. पण दुसऱ्या कामात त्याने मदत केली. हॉलच्या स्टेजमागे तू काल संध्याकाळी काही बसवलंस?”

“उत्सवाच्या फोटोंसाठी पेटी बसवली, आज सकाळी माइकबरोबर चालू केली. तुमच्यासारखीच, त्याच ऑफरमध्ये दोन मिळाल्या होत्या ना. फोटो अजून भरायचेत.” बोलता बोलता तो थांबला. “तिला नंबर दिला तो... म्हटलं गणपतीचं काम आहे, शुभ असावा...”

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्याने बाकावर ठेवला, फार हळू, जणू त्याचाही आवाज होऊ नये.

“पण मी तपासलं होतं, काका! शपथ! नंबर देण्याआधी टकटक केली. कोणी ओ दिली नाही.”

“कशी देणार? चारला ब्रांटनी आपल्या पट्टीचं बटण बंद केलं, त्यावरच पेटी चालते. तू आलास सहाला. घरातली मंडळी झोपली होती आणि तू घर रिकामं समजलास.”

“मला वही तरी पाहायला हवी होती. मी शोधली होती, कपाटात नव्हती.”

पायरीवर बसल्यापासूनची ती बोचणी आता आजोबांना नीट कळली. त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

“नव्हतीच,” ते म्हणाले. “वही माझ्या घरी होती. आठवडाभर. चौतीस वर्षं मी लाइनमनांना सांगत आलो, की नंबरांची नोंदवही एक्स्चेंजच्या बाहेर न्यायची नाही. आणि इथे मीच शाळामास्तरासारखी घरी नेली, लाल खुणा करायला. या पोरीने ती जागेवर ठेवायला काढली होती. मी तिच्या हातातून घेतली. सगळ्यांत पहिली चूक माझी आहे, ऊर्मिला. स्पृहाची एकही नाही.”

६

मयुरेश धावतच हॉलमध्ये गेला. त्याने आपल्या पेटीची वायर काढल्याचं त्यांना पडद्यावरच कळलं. ओळी थांबल्या. एकशे आठ नंबरच्या घरातून ओ येईनाशी झाली.

“लाव तू,” आजोबांनी पिवळी वायर स्पृहाच्या हातात दिली.

तिने ती पेटीला जोडली. हिरवा दिवा लुकलुकला. तीन-चार सेकंद गेले असतील, पण ऊर्मिलाने तेवढ्यात पदराचं टोक मुठीत आवळून घेतलं होतं. मग पडद्यावर पहिली ओळ उमटली. स्पृहाने ‘शाळेची पेटी’ उघडली.

आत एक फोल्डर होतं. कुसुमआजी. त्यात तेवीस फाइली.

ऊर्मिला खिडकीशी गेली, अंगणातल्या सगळ्या मुलांना हाक मारून वर बोलावलं. आठही जण जागेवर बसल्यावर ती स्पृहासमोर उभी राहिली.

“सकाळी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं, स्पृहा. न विचारता, न तपासता तुझ्यावर आळ घेतला. पुढच्या शनिवारी येशील?”

स्पृहाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा चष्मा पुसण्यात अगदी गढून गेले होते.

“येईन,” ती म्हणाली. मराठीतच. “पण आजच दुसरी प्रत काढायची.”

“माझ्याच पेटीत काढू,” दारातून मयुरेश म्हणाला. “ती आता शाळेची. फोटोंचं मी बघतो काहीतरी. आणि सॉरी, स्पृहा. मी तर आजींना पुसायलाच निघालो होतो. पेटीला नवा नंबर मात्र तू दे. माझ्यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.”

“हेर ब्रांट तर नाहीच ठेवणार,” स्पृहा म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

तिने वही उघडली, पेन्सिल ओठांवर टेकवून विचार केला. “ऊर्मिलामावशी, माळेत एकशे आठ मणी असतात ना? आजींनी एका गोष्टीत सांगितलं होतं, वरती एक जास्तीचा मणी असतो. त्याला ओलांडून जायचं नाही, तिथून मागे फिरायचं.”

“मेरुमणी,” ऊर्मिला म्हणाली.

“मग याला एकशे नऊ.”

तिने आधी एकशे नऊवर टकटक केली. मग शमिकाला ब्रांटकडे पाठवून विचारून घेतलं, की कोणतं मशीन बंद तर नाही. मग वहीत पाहिलं. तिन्ही झाल्यावरच नंबर लिहिला, शक्य तितक्या सुधारलेल्या अक्षरात. आजोबांनी सवयीने लाल पेन काढलं, पण पुन्हा खिशात घातलं. त्याऐवजी त्यांनी पिशवीत उरलेला बाकरवडीच्या पुडीचा दोरा वहीच्या कोपऱ्यातून ओवला आणि वही कपाटाच्या कडीला बांधून टाकली. चांगली दुहेरी गाठ मारून.

“आता कोणती गोष्ट लावायची?” ऊर्मिलाने विचारलं.

“पहिली!” आठ जण ओरडले.

स्पृहाने पहिली फाइल उघडली. आधी फोनची खरखर, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. मग कराडच्या त्या घरातून, अगदी जवळून, ठसठशीत आवाज आला.

“ओ! ऐकतेय गं. बसली का सगळी पोरं?”

“हो!” शमिका मोठ्याने म्हणाली.

ऊर्मिलाने फोन उचलला. पोरं गोष्ट ऐकताना दिसतील असा एक फोटो काढला आणि तो कराडला पाठवून दिला.